दोन घरचा पाहुणा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहावे, असे कार्यकारिणीत ठरले. कोणी पाककृती दिल्या, कोणी विणकामाचे नमुने दिले, कोणी सहलीचे वर्णन लिहिले. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसारात रमलेली बाई. लेख लिहिण्याची मला सवय नाही. परंतु गेली काही वर्षे एका गोष्टीचा इतिहास मी जमेल तसा गोळा करीत आहे. काही शेजारच्या केरळी बाईंकडून ऐकला, काही वाचनालयात वाचला, इंग्रजीतला मजकूर मुलीने वाचून मला मराठीत समजावून सांगितला. तो आपणा भगिनींपुढे ठेवावा असे मनात आले, म्हणून हे धाडस.

‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ ही म्हण आपण सहज वापरतो. या म्हणीतले दोन्ही यजमान वाईट नसतात. पहिल्या घरी वाटते, तो तिकडे जेवला असेल. दुसऱ्या घरी वाटते, तो तिकडूनच जेवून आला असेल. अन्न दोन्ही घरी शिजलेले असते आणि पाहुणा मात्र उपाशी निजतो. आजारी, वृद्ध किंवा अपंग होऊन अंथरुणाला खिळलेल्या मोठ्या माणसाचे पुष्कळदा असेच होते. त्याच्यासाठी दवाखाना असतो, सरकारी कचेरी असते, धर्मादाय संस्था असते, नातलग असतात, शेजारी असतात. इतकी घरे असून त्याचे हाल होतात, कारण या घरांचे एकमेकांशी बोलणे नसते. केरळातील लोकांनी ही घरे एकमेकांशी कशी जोडली, त्याचा हा इतिहास आहे.

प्रारंभ कोझिकोड शहरात झाला. तेथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल हे भूल देणाऱ्या विभागात होते. कर्करोगाचे असे अनेक रोगी त्यांच्या पाहण्यात येत की ज्यांच्यावरचे उपचार संपलेले असत, पण वेदना संपलेली नसे. ‘आता आमच्या हातात काही नाही’ असे सांगून त्यांना घरी पाठविले जाई. १९९३ साली डॉ. राजगोपाल, त्यांचे सहकारी डॉ. सुरेशकुमार आणि डॉक्टर नसलेले त्यांचे एक स्नेही अशोककुमार, अशा मंडळींनी मिळून वेदनाग्रस्तांसाठी एक संस्था स्थापन केली. रोग बरा होणार नसला तरी दुखणे कमी करायचे, जखम स्वच्छ ठेवायची, रोग्याशी व घरच्यांशी बोलायचे, असे तिचे काम. इंग्रजीत यास पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मल्याळम भाषेत ‘सांत्वन परिचरणम्’ असा शब्द आहे. आपल्यालाही तो चटकन समजतो आणि मला तोच अधिक आवडला.

या आरंभातच पुढच्या सगळ्या कामाचे बीज होते. जागा सरकारी रुग्णालयाची, तीही लहानशी, संस्था लोकांची, डॉक्टर त्याच रुग्णालयातले आणि हाताखाली काम करणारे स्वयंसेवक गावातले. सरकारी आवारात खाजगी संस्थेने काम करायचे म्हणजे दोघांनाही थोडे सरकून बसावे लागते. कोझिकोडला दोघेही सरकून बसले.

पहिली मोठी अडचण औषधाची आली. कर्करोगाच्या असह्य वेदनेवर मॉर्फीन हे अफूपासून होणारे औषध गुणकारी आहे. औषधासाठी लागणारी अफू सरकारी परवान्याने आपल्याच देशात, मध्य प्रदेश व राजस्थानकडे पिकते. पण १९८५ साली अंमली पदार्थांविषयी कडक कायदा झाला आणि हे औषध ठेवण्यासाठी रुग्णालयाला निरनिराळ्या खात्यांचे परवाने घ्यावे लागू लागले. अबकारी खाते आपल्या दृष्टीने बरोबर होते; नशेबाजाच्या हाती अफू पडू नये हे त्याचे काम. औषध नियंत्रण खातेही बरोबर होते. साठ्याचा हिशेब चोख हवा हे त्याचे काम. प्रत्येक परवान्याची मुदत निराळी. एक हाती येईपर्यंत दुसरा संपलेला असे. परिणामी रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडून दिले. १९९७ साली एवढ्या अवाढव्य देशात औषध म्हणून वापरलेले मॉर्फीन अवघे १८ किलोच्या आसपास भरले!

येथे डॉक्टरमंडळींनी जे केले ते मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांनी खात्यांच्या नावाने नुसती बोटे मोडली नाहीत. अबकारी खात्याचे अधिकारी, औषध नियंत्रक, आरोग्य खात्याचे लोक आणि डॉक्टर अशांच्या एकत्र बैठका भरवल्या. औषध कोणाच्या ताब्यात राहील, वहीत नोंद कशी होईल, रोग्याच्या हाती किती गोळ्या जातील, हे समोरासमोर दाखवले. अधिकाऱ्यांची भीती खोटी नव्हती. तिचे निरसन करणे हे डॉक्टरांनी आपले काम मानले. १९९८ साली केंद्र सरकारने राज्यांना नियम सोपे करण्याची सूचना केली, आणि ती लवकर मनावर घेणाऱ्या राज्यांत केरळ होते. पुढे २०१४ साली संसदेने कायद्यातच दुरुस्ती करून अनेक परवान्यांच्या जागी मान्यताप्राप्त संस्थेला एकच परवाना पुरेल अशी तरतूद केली. म्हणजे साधी गोष्ट मार्गी लागायला १९८५ पासून मोजली तर २९ वर्षे गेली.

दुसरी अडचण अंतराची. कोझिकोडच्या दवाखान्यात रोगी लांबून लांबून येत. ज्याला मोटारीत बसवत नाही त्याने यायचे कसे? आणि घरचा एक माणूस त्याच्याबरोबर आला की त्याचा रोज बुडतो. तेव्हा लहान लहान गावांतून दवाखाने निघू लागले. शेजारच्या मलप्पुरम जिल्ह्यात या कामाने चांगले मूळ धरले. २००० सालच्या सुमारास तेथील संस्थांनी मिळून शेजाऱ्यांचे एक जाळे विणायला घेतले. एखाद्या वस्तीत कोण अंथरुणाला खिळले आहे हे डॉक्टरला ठाऊक नसते, पण शेजाऱ्याला ठाऊक असते, हा त्यामागचा विचार.

ज्यांना आठवड्यातून दोन-तीन तास देता येतील, अशा माणसांना १६ तासांचे शिक्षण दिले जाई. रोग्याशी बोलावे कसे, काय बोलू नये, कूस बदलून कशी द्यावी, याचे धडे असत. त्यानंतर अनुभवी पथकाबरोबर चार वेळा रोग्यांच्या घरी जायचे. मग दहा-पंधरा जणांचा गट आपल्या वस्तीतल्या रोग्यांची यादी करी, आणि परिचारिका व डॉक्टर त्यांच्या मागे उभे राहत. पैसा बहुतांशी गावातूनच गोळा होई. दुकानात पेटी ठेवलेली असे, विद्यार्थी वर्गणी जमवीत, कोणी महिन्याला ठरावीक रक्कम देई. थेंबे थेंबे तळे साचले. त्या पैशातून औषधे येत. ज्या घरचा मिळवता माणूसच पडला आहे तेथे तांदूळ जाई, मुलांच्या शाळेचा खर्च दिला जाई. कारण चूल पेटलेली नसेल तर नुसत्या गोळीने काय होणार?

हे वाचताना मला आमच्या घरची आठवण होते. काही वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंना कर्करोग झाला व तो मणक्यात उतरला. मोठ्या रुग्णालयातून सांगण्यात आले, आता घरी न्या. कागदावर गोळीचे नाव लिहून दिले, ती आमच्या गावातील एकाही दुकानात मिळेना. जवळच्या दवाखान्यात गेले तर ते म्हणाले, ‘हे मोठ्या रुग्णालयाचे काम, आम्ही कसे हात लावणार?’ एका कचेरीत मदतीसाठी अर्ज केला, तेथे उत्तर मिळाले, ‘बाईंना समक्ष आणा.’ ज्यांना कूस बदलता येत नव्हती त्यांना समक्ष कसे नेणार? शेजारणी यायच्या, ‘काही लागलं तर सांगा हं’ म्हणायच्या आणि जायच्या. त्यांनी तरी काय करावे हे त्यांना कोण सांगणार होते? पाठीवरच्या जखमेची पट्टी कशी बदलावी हे मी एका ओळखीच्या नर्सबाईंना घरी बोलावून शिकले. सासूबाई एकदा म्हणाल्या, “सगळे चांगले बोलतात गं, पण येत कुणीच नाही.” मला यात कोणाला दोष द्यायचा नाही. प्रत्येकाने आपापल्या दारातून खरेच सांगितले होते. पण एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत त्यांना घेऊन जाणारे कोणी नव्हते, आणि ती धावपळ माझ्या वाट्याला आली. सून, मुलगी किंवा बायको असलेल्या किती जणींच्या वाट्याला ती आजही येत असेल!

आमच्या शेजारच्या केरळी बाईंची आई मलप्पुरम जिल्ह्यातल्या एका खेड्यात पक्षाघाताने अंथरुणावर होती. ती हकिगत ऐकून मी चकित झाले. ठरल्या दिवशी परिचारिका घरी येई, बरोबर आशाताई असे. उशाशी एक वही असे. येईल त्याने त्या वहीत काय पाहिले, काय दिले, पुढे कोणी यायचे हे लिहून ठेवायचे. डॉक्टर आले की आधी ती वही वाचत. घरच्यांना तीच हकिगत दहा जणांना दहा वेळा सांगावी लागत नसे.

पण मलप्पुरमच्या खेड्यात पंचायतीची परिचारिका कशी येऊ लागली, हा इतिहासाचा पुढचा भाग आहे. १९९६ साली केरळ सरकारने लोकयोजना मोहीम काढून ग्रामपंचायतींच्या हाती बरेच अधिकार व पैसा दिला. १९९८ साली कुटुंबश्री ही स्त्रियांची मोठी योजना सुरू झाली. शेजारपाजारच्या दहा-वीस बायकांचा एक गट, त्यास ‘अयल्क्कूट्टम्’ म्हणजे शेजारगट म्हणतात. त्यावर प्रभागाची समिती आणि तिच्यावर पंचायतीची. म्हणजे संस्था, पंचायत आणि बायकांचे गट अशी तीन घरे एकाच गावात उभी होती. २००७-०८ च्या सुमारास मलप्पुरमच्या जिल्हा पंचायतीने ‘परिरक्षा’ या नावाने हे काम आपल्या योजनेत घेतले. एप्रिल २००८ मध्ये केरळ सरकारने सांत्वन परिचरणाचे धोरण जाहीर केले. भारतातील कोणत्याही राज्याचे असे हे पहिलेच धोरण होते.

त्या धोरणाने प्रत्येकाचे काम ठरवून दिले. ग्रामपंचायतीने खर्चाची तरतूद करायची. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी योजना चालवायची. तीन महिन्यांचे खास शिक्षण घेतलेली परिचारिका गाडीने घरोघर जाणार. आशाताई आणि त्या प्रभागाचे निवडून आलेले सभासद तिच्याबरोबर जाणार किंवा तिला घर दाखवणार. जे गावात भागणार नाही ते तालुक्याच्या रुग्णालयाकडे, तेथेही न भागले तर जिल्ह्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या तज्ज्ञांकडे. अशी वरपर्यंत शिडी लावली गेली. हळूहळू नऊशेहून अधिक ग्रामपंचायतींच्या त्या राज्यात ही सेवा बहुतेक सगळीकडे पोचली. २०१० साली इंग्लंडातील एका प्रसिद्ध साप्ताहिकाच्या संशोधन विभागाने निरनिराळ्या देशांतील अखेरच्या काळातील सेवेची पाहणी केली. भारताच्या लोकसंख्येपैकी सुमारे ३ टक्के लोक केरळात राहतात, पण भारतातील अशा सेवेपैकी दोन-तृतीयांश सेवा तेथे मिळते, असे त्या अहवालात म्हटले होते.

हे सारे गोडीगुलाबीने झाले असे मात्र कोणी समजू नये. डॉक्टरांपैकी काहींना वाटे की न शिकलेल्या माणसांनी रोग्याच्या खाटेजवळ लुडबूड करू नये. स्वयंसेवकांना वाटे की डॉक्टर फक्त गाठ पाहतात, माणूस पाहत नाहीत. सरकारी योजना आली तेव्हा जुन्या संस्थांना शंका आली की आपण उभारलेले काम सरकार आपल्या नावावर करणार. एकाच गावात संस्थेचे पथक आणि पंचायतीचे पथक अशी दोन झाली, तेव्हा कोणी कोठे जायचे हा प्रश्न उठलाच. सरकारी परिचारिकेला रोज ठरावीक घरे पुरी करायची असतात, तिला फार वेळ बसता येत नाही. संस्थेच्या माणसाला बसायला वेळ असतो, पण त्याच्याकडे औषध नसते. २०१९ साली केरळ सरकारने जुने धोरण तपासून पुन्हा नव्याने मांडले. यावरून मी असे समजते की खात्याखात्यांचे सख्य एकदा जमवून भागत नाही, ते लोणच्यासारखे वरचेवर हलवावे लागते.

या इतिहासातून मला जे दिसले ते माझ्या साध्या शब्दांत सांगते. पहिली गोष्ट म्हणजे कामाची वाटणी स्पष्ट झाली. शेजाऱ्याने डॉक्टर होण्याचा हट्ट धरला नाही आणि डॉक्टरने शेजाऱ्याचे काम हलके मानले नाही. आपल्या घरी लग्नकार्य निघाले की एकीकडे पाहुण्यांची व्यवस्था, एकीकडे कोठीघर, एकीकडे रुखवत असे आपण नेमून देतो. ‘सगळ्यांनी सगळे पाहा’ म्हटले की मीठ दोनदा पडते नाहीतर पडतच नाही.

दुसरी गोष्ट, रोग्याविषयीची माहिती एका ठिकाणी राहिली आणि ती रोग्याच्या घरीच राहिली. तिसरी, सगळे एकत्र शिकले. ज्या माणसाबरोबर आपण चार घरी जाऊन आलो, त्याला पुढे दूरध्वनी करायला संकोच वाटत नाही. सरकारी पत्राला उत्तर यायला महिना लागेल, पण ओळखीच्या परिचारिकेचे उत्तर संध्याकाळपर्यंत येते. चौथी गोष्ट श्रेयाची. संस्थेने म्हटले नाही की हे सगळे आम्ही केले. पंचायतीलाही पाटीवर नाव मिळाले. ज्याला नाव मिळते त्याला ते काम आपले वाटू लागते. आणि पाचवी, जी मला सर्वांत मोठी वाटते, ती अशी की घरातल्या बाईला या सगळ्यांनी आपल्यातली एक मानले. जखम कशी धुवावी हे तिला शिकवले, आणि रात्री रोगी कसा होता हे तिलाच विचारले. रात्रभर जागणारी तीच असते, तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

आपल्या महाराष्ट्रातही या कामाची परंपरा आहे, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. मरणासन्न कर्करोग्यांसाठी भारतातील पहिले सेवागृह १९८६ साली मुंबईत, वांद्र्याला, ‘शांती अवेदना सदन’ या नावाने निघाले. पुण्याजवळ वारजे येथे १९९७ साली अशा रोग्यांसाठी केंद्र सुरू झाले. केरळच्या पाठोपाठ, २०१२ साली, महाराष्ट्रानेही आपले धोरण केले. तेव्हा घरे आपल्याकडेही आहेत. गावोगाव आशाताई आहेत, अंगणवाडीसेविका आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, ग्रामपंचायत आहे, बचत गट आहेत आणि आपल्यासारखी महिला मंडळे आहेत. उणीव आहे ती एका घरातून दुसऱ्या घरात निरोप नेणारीची.

हे काम आपल्या मंडळाला झेपण्यासारखे आहे, असे मला वाटते. आपण परिचारिका नाही आणि आपल्याजवळ मोठा निधीही नाही. पण आपल्या सभासद गावाच्या प्रत्येक आळीत राहतात. कोणाच्या घरी माणूस अंथरुणावर आहे हे आपल्याला हळदीकुंकवालाच कळते. माझी कार्यकारिणीस नम्र सूचना आहे की, मंडळाने एक वही घालावी. तिच्यात आळीवार अशा घरांची नोंद व्हावी, पण त्या घरच्यांची संमती घेऊनच. दर महिन्याच्या सभेला आशाताईंना व आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंना अगत्याने बोलवावे आणि त्यांच्यासमोर वही उघडावी. कोणाच्या घरी कोणी जायचे, कोणत्या वारी जायचे, दाखल्यासाठी कचेरीत कोणी खेटे घालायचे हे नावानिशी लिहून सभा संपवावी. ‘काही लागलं तर सांगा’ असे म्हणण्याऐवजी ‘मी गुरुवारी तीन वाजता येते, तुम्ही तेवढा वेळ पडा’ असे म्हणावे. रात्रभर जागलेल्या बाईला त्या दोन तासांच्या झोपेची किंमत काय असते, हे ज्यांच्यावर तशी वेळ आली आहे त्यांना मी सांगायला नको.

पहिल्या वर्षी वहीत पाचच नावे आली तरी हरकत नाही. कोझिकोडलाही आरंभ एका लहान खोलीतच झाला होता.